भाऊबीजेची नोंद

अल नहदा, शारजा
५ डिसेंबर २०२४

कावेरीताई, नमस्कार.

राजन सापडला.

फोन सोडून हिने पत्र का लिहिलं, म्हणून दचकला असाल. फायलीतलं बाहेर कुणाला सांगायचं नाही असा आमच्या ऑफिसचा नियम आहे. तो मी मोडतेच आहे, पण निदान फोनवर पुरावा कशाला ठेवा? अक्रमभाई दर गुरुवारी मसाले आणि सुकी मासळी घेऊन अबुधाबीला येतात, शुक्रवारी परततात. उत्तर त्यांच्याच हाती द्या. "भाबी, खत लिखनेवाले अब भी हैं?" म्हणून हसत होते.

आमच्या सेक्शनचं काम तुम्हाला एकदा सांगितलं होतं. दारूच्या, गोळ्यांच्या व्यसनातून स्वतः सुटलेली माणसं दुसऱ्यांना सुटायला सोबत करतात, त्यांना पीअर सपोर्ट वर्कर म्हणतात. आता त्यांना सरकारी सर्टिफिकेट लागतं. वर्षभर उमेदवारी, पाचशे तास, प्रत्येक भेटीची डायरी, त्यावर सुपरवायझरची सही आणि शेवटी आमची तपासणी. आमची हरकत टिकली की तो माणूस या देशात पुन्हा हे काम करू शकत नाही.

मंगळवारी नवी फाईल उघडली आणि फोटोत तोच. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. अर्जात लिहितो, 'साडेसात वर्षं दारूला शिवलेलो नाही.' करून करून भागला आणि देवपूजेला लागला!

माझ्या सुजीतला जाऊन पुढच्या मार्चमध्ये आठ वर्षं होतील. खोर फक्कानच्या त्या एजन्सीत दोघं एका टेबलावर काम करायचे, एका खोलीत राहायचे. माझे आईबाबा पहिल्यांदाच इकडे आले होते, म्हणून त्या गुरुवारी तो लवकर घरी यायला निघाला. डोंगरातल्या रस्त्यावर गाडी ट्रकखाली गेली. पोलिसांनी सांगितलं, भरपूर प्यायलेला होता. ताई, माझा नवरा घरी थेंब घ्यायचा नाही. आणि हा राजन शवागाराच्या दारात माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "गाडीची किल्ली मी दिली." पाजली कुणी, हे विचारायची गरजच उरली नाही.

प्रत्येक फाईलवर आम्हाला एक खूण करावी लागते: 'अर्जदाराशी माझी ओळख, नातं किंवा वैर नाही.' मी खूण केली.

त्याची डायरी तीनशे पानांची आहे. मी एकेक पान वाचणार आहे. माणूस चुकतोच कुठेतरी.

तुमची,
ईश्वरी


अबुधाबी
१३ डिसेंबर २०२४

प्रिय ईश्वरी, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्रमभाईंनी खालूनच हाक मारली, मी धावत गेले. त्यांच्याबरोबर तुझ्यासाठी मेथीचे लाडू देतेय. थंडी इथे नावालाच असली तरी तुझे गुडघे दुखतात, रोज एक खा.

तुझा राग मला समजतो. माझाही तो एकुलता एक भाऊ होता. पण तू ती खोटी खूण केलीस, याची मला भीती वाटते. उद्या कुणाला कळलं तर नोकरी जाईल, नोकरीबरोबर व्हिसा जाईल, आणि आभाच्या शाळेचं काय? ती फाईल दुसऱ्या कुणाला देता येत नाही का? तुझ्या एमान मॅडम चांगल्या आहेत म्हणतेस, त्यांना काहीतरी कारण सांग.

आणि खरं सांगू? तो माणूस साडेसात वर्षं प्यायला नसेल, तर नसेल. कुणाचं तरी पोर त्याच्यामुळे रुळावर येत असेल. त्या पोराच्या आईचा तरी विचार कर.

आमचा निखिल मजेत आहे. इंटर्नशिप चालू आहे, त्यामुळे फोन उचलत नाही, रागावू नकोस. उपेंद्र ऑफिसच्या कामाने कतारला गेलेत. बाकी ठीक.

तुझी,
कावेरीताई


अल नहदा
२ जानेवारी २०२५

कावेरीताई, नमस्कार.

लाडू छान झालेत. सल्ला मात्र परत पाठवतेय.

'त्या पोराच्या आईचा विचार कर' म्हणालात ना? केला. त्या आईनेच त्याला माझ्या हातात दिलं. डायरीत माणसांची नावं नसतात, नुसते नंबर असतात. तीन नोव्हेंबरचं पान जसंच्या तसं मराठीत करून देते:

'क्लायंट नंबर सतराच्या घरी भेट, दोन तास. आज भाऊबीज. क्लायंटच्या आईने पाट मांडून औक्षण केलं. तिला भाऊ नाही. मला नाही म्हणवलं नाही. ताटात साडी ठेवली. हे नियमात बसतं की नाही माहीत नाही, म्हणून लिहून ठेवतो.'

सुपरवायझर केरळचा आहे. त्याला वाटलं काहीतरी सणाचा फराळ असेल, त्याने सही ठोकून दिली. सेक्शनमध्ये मराठी मी एकटी. औक्षण म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला नको! क्लायंटच्या घरच्यांना भेट द्यायची नाही, त्यांच्याकडून घ्यायची नाही, आणि कामापलीकडचं नातं जोडायचं नाही, असे तीन नियम आहेत. या शहाण्याने एका पाटावर बसून तिन्ही मोडले आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले.

मी हरकत लिहिली. भाऊबीज म्हणजे काय, ओवाळल्यावर भाऊ-बहिणीचं नातं कसं जन्माचं होतं, भाऊ ताटात काय घालतो, सगळं इंग्रजीत दीड पान समजावून सांगितलं. एमान मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "सो ही बिकेम हर ब्रदर? खलास, सस्पेंड हिम." निकाल लागेपर्यंत त्याला एकाही क्लायंटला भेटता येणार नाही, फोनही करता येणार नाही.

कोण ही बाई असेल हो? हिचा भाऊ मेला असेल नाहीतर जन्मलाच नसेल, पण म्हणून ओवाळायला हाच मिळाला? ज्याने माझ्या आभाचा बाप खाल्ला, त्याच्या कपाळाला कुंकू लावते! मला ती भेटायला हवी एकदा.

काल आठ वर्षांत पहिल्यांदा मी गाढ झोपले. आभा सकाळी विचारते, "ममा, व्हाय आर यू सो हॅपी?" काय सांगू तिला?

ईश्वरी


अबुधाबी
१० जानेवारी २०२५

ईश्वरी,

घाईत लिहितेय, अक्रमभाई खाली थांबलेत.

हरकत मागे घे. कसंही कर, पण घे. म्हणावं, समजण्यात चूक झाली, नुसता सण होता, आमच्याकडे शेजाऱ्यापाजाऱ्यालाही ओवाळतात. तुझ्याशिवाय तिथे कुणाला कळणार आहे?

कारण विचारू नकोस. मी तुझ्याकडे आजवर कधी काही मागितलं नाही. सुजीतची शपथ घालते.

कावेरीताई


अल नहदा
१६ जानेवारी २०२५

कावेरीताई,

सुजीतची शपथ घातलीत, तीही राजनसाठी. वाचून मला हसावं की रडावं ते कळेना. मग रागच आला, तो जास्त सवयीचा आहे.

तुम्ही मऊ आहात हे मला लग्नापासून माहीत आहे. भांडण दिसलं की त्यावर चादर टाकायची, ही तुमच्या घरची रीत. पण रक्ताचं नातं तुमचं होतं ना? मग आठ वर्षं राग धरून बसायचं काम एकटीने मीच का करायचं? तेराव्याचं सगळं उरकून तुम्ही अबुधाबीला परतलात. मी नहदात त्याच फ्लॅटमध्ये राहिले. टायपिंग सेंटरमध्ये दिवसभर उभी राहून दुसऱ्यांचे फॉर्म भरले, तेव्हा कुठे ही खुर्ची मिळाली. ती मिळाली आणि तो तिच्यासमोर येऊन पडला. देवाने आयतं ताटात वाढलं, आणि तुम्ही म्हणता हात धुऊन ऊठ!

हरकत मागे घेणार नाही. उलट परवा दुसरी जोडली. त्याच नंबर सतराकडे तो ठरलेल्या तासांपेक्षा नव्वद तास जास्त गेलाय. सुट्टीच्या दिवशीही. मी लिहिलं, हे अवलंबित्व वाढवणं आहे. शब्द कसा वाटतो? पुस्तकातला आहे.

त्याचं स्पष्टीकरण आलं, दोन ओळींचं. 'माझी चूक मान्य आहे. सतराला मात्र लगेच दुसरा कुणी द्या, तो एकटा राहता कामा नये.' स्वतःसाठी अवाक्षर नाही. नाटकी कुठला. आमच्याकडे माणसं कमी आहेत, दुसरा मिळायला महिना जाईल. त्याला मी काय करू?

सुनावणी बारा फेब्रुवारीला आहे. त्या दिवशी आभाला घेऊन बाहेर जेवायला जाणार आहे.

ईश्वरी


अबुधाबी
७ फेब्रुवारी २०२५

ईश्वरी,

हे पत्र वाचून फाडून टाक.

क्लायंट नंबर सतरा म्हणजे निखिल.

इंटर्नशिप वगैरे काही नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वेदनेच्या गोळ्या सुरू झाल्या त्या सुटल्याच नाहीत. दीड वर्ष झालं. आम्ही कुणालाच सांगितलं नाही. तुला, पुण्याला, शेजारी, कुणालाच नाही. सेंटरने सोबतीला जो माणूस पाठवला, तो दारात उभा राहिला आणि मी ओळखलं. त्यानेही ओळखलं. तो म्हणाला, "ताई, मी बदली मागतो." सुपरवायझरला त्याने ओळख असल्याचं सांगितलंही. पण निखिल तासाभरात त्याच्याशी जे बोलला, ते माझ्याशी वर्षभरात बोलला नव्हता. मीच हात जोडले, जाऊ नका. त्याच्यामुळे माझं पोर सात महिने गोळीशिवाय राहिलं. म्हणून ओवाळलं. ज्या बाईला तुला भेटायचं होतं, ती मी.

तुझ्या हरकतीनंतर त्याचं येणं बंद झालं. निखिल रोज विचारायचा, "व्हाय डिड राजन अंकल स्टॉप?" मी काय सांगणार होते? सव्वीस जानेवारीला तो घराबाहेर पडला तो दोन दिवस आला नाही. मुसफ्फाच्या एका गॅरेजमागे सापडला, बेशुद्ध. आठ दिवस आयसीयूत होता. आता वाचलाय, पण भिंतीकडे तोंड करून पडून असतो. तुझ्या एका रिमार्कने माझा मुलगा मरत होता, ईश्वरी. तिथे बाहेर बसून माझ्या मनात आलं होतं, तुझ्या मॅडमना फोन करून सांगावं की ही बाई कोण आहे. होऊ दे तुझंही वाटोळं. फोन हातात घेतला होता.

केला नाही, कारण मला तोंड नाही. तेही आता सांगते.

सुजीत लग्नाआधीपासून प्यायचा. आम्हाला माहीत होतं. लग्न झालं की सुधारेल म्हणून आईने आणि मी तुझ्या घरी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई म्हणायची. तो घरी प्यायचा नाही, कारण खोर फक्कानला आठवडाभर पिऊन यायचा. राजनही प्यायचा, पण त्या दिवशी शुद्धीत होता. त्याने सुजीतची किल्ली काढून घेतली आणि दुपारी तीनला मला फोन केला. म्हणाला, "ताई, हा सकाळपासून पितोय, मी याला आज सोडत नाही. घरी काहीतरी कारण सांगा."

तुझे आईबाबा पहिल्यांदा आले होते. जावई पहिल्याच दिवशी गैरहजर, मग चौकशी, मग सगळं उघडं पडणार. मी राजनला म्हटलं, "त्यांच्यासमोर शोभा नको. तोंड धुवायला लाव, बडीशेप दे आणि किल्ली दे. तासाचा तर रस्ता आहे." तो नाही म्हणत राहिला. मी त्याच्यावर ओरडले. म्हटलं, मी त्याची मोठी बहीण आहे, तू कोण? मग त्याने दिली.

आठ वर्षांत त्याने हे कुणाला सांगितलं नाही. पोलिसांना नाही, तुला नाही. मलाही एका शब्दाने बोलला नाही. मी ओवाळत होते तेव्हा नुसता खाली बघत बसला होता.

तुला ज्याच्यावर सूड घ्यायचा आहे, ती मी आहे. माझ्यावर घे. पण हरकत मागे घे. निखिल त्याच्याशिवाय उठणार नाही. उपेंद्रना यातलं काही माहीत नाही, निखिलला तर नाहीच नाही. त्याचा मामा म्हणजे त्याचा देव होता. पाया पडते, हे तुझ्यामाझ्यात राहू दे.

कावेरी


अल नहदा
१३ फेब्रुवारी २०२५

कावेरीताई,

तुमचं पत्र मी फाडलं नाही. तीन वेळा वाचलं. मग झुबेदाबाईंच्या टायपिंग सेंटरमध्ये, माझ्या जुन्या नोकरीच्या जागी, गेले, त्यांच्या रायगडच्या भाच्याने त्याचं इंग्रजी केलं, वरच्या मजल्यावरच्या वकिलाने अरबी करून शिक्का मारून दिला. झुबेदाबाई वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, "हाय अल्ला, बडीशेप!" तेवढंच बोलल्या.

सोमवारी सकाळी मी एमान मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की माझी खूण खोटी होती, अर्जदाराशी माझं आठ वर्षांचं वैर आहे. तुमची ती फोनची धमकी वाया गेली, तुमच्या आधी मीच बोलले. त्यांनी फाईल माझ्याकडून काढून घेतली. मग म्हणाल्या, "ईश्वरी, यू वेअर माय बेस्ट." वेअर, म्हणजे होतीस. महिनाअखेर नोकरी संपते. आभाची परीक्षा झाली की आम्ही पुण्याला जाऊ. मला याचं काही वाटत नाही, असं मी म्हणणार नाही. मी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन रडले.

माझ्या दोन्ही हरकती रद्द झाल्या. सुनावणी नव्या तपासनिसाने घेतली, तो सुदानचा आहे. भाऊबीजेबद्दल राजनला लेखी ताकीद मिळाली, साडी तुम्ही परत करायची आहे. सस्पेन्शन काल संध्याकाळी उठलं. आज सकाळी आठला तो निखिलच्या वॉर्डात होता, हे तुम्हाला माझ्याआधी कळलं असेल.

पण हे ऐका. मी नुसती हरकत मागे घेतली असती, तर 'गुन्हा होता, पण सोडून दिला' असं त्याच्या नावापुढे राहिलं असतं. त्याने किल्ली काढून घेतली होती, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. ते लिहिलेला कागद जगात एकच आहे आणि तो तुमच्या अक्षरातला आहे. मी तो फाईलला लावला, पुरावा म्हणून.

परवा पुराव्याची प्रत न्यायला आलेला राजन माझ्यासमोर बसला होता. आठ वर्षं मी त्याला मनात बोलत आले होते. आधी तोच म्हणाला, "वहिनी, ते पत्र काढून घ्या. किल्ली माझ्या हातातून गेली, एवढंच खरं आहे. ताईंचं घर मोडेल." मी म्हटलं, "आणि माझं काय झालं होतं?" मग मी विचारलं, "निखिलला तू रोज काय शिकवतोस?" तो म्हणाला, "की खोटं बोलायचं नाही. लपवलेलं माणसाला पुन्हा ओढतं." "मग?" म्हटलं. पुन्हा 'काढून घ्या' असं तो म्हणाला नाही.

त्याला मी माफ केलेलं नाही. ओरडणाऱ्या बाईपुढे त्याने मान तुकवायला नको होती. पण माझा हिशेब आता त्याच्याशी नाही.

माझे आईबाबा त्या दिवशी गॅलरीत उभे राहून जावयाची वाट बघत होते. तो दारू पिऊन आला असता तर बाबा रागावले असते, आई रडली असती, मी कदाचित माहेरी निघून गेले असते. पण आभाला बाप राहिला असता. आईबाबा दोघंही गेले, मुलीला आपण नीट बघून दिलं नाही असं मनात धरून. तेराव्याला तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला होतात, "त्या राजनचं कधी भलं होणार नाही." तो हात मला आठवतोय, ताई. तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. आठ वर्षं तुम्ही मला त्याच्यावर सोडलंत आणि मी इमानदारीत भुंकत राहिले.

'माझ्यावर सूड घे,' असं तुम्हीच लिहिलंत. आणि 'तुझ्यामाझ्यात राहू दे,' असंही. दोन्ही एकदम मिळत नाही.

आमच्याकडे एक हक्क आहे. ज्याची सोबत मध्येच तोडली जाते, त्या क्लायंटला कारण विचारता येतं आणि मागितली तर फाईल वाचायला द्यावीच लागते, पानन् पान. निखिलने काल वॉर्डातून अर्ज केला. एकच ओळ आहे, 'आय वॉन्ट टू नो व्हाय दे टूक हिम अवे.' सही वाकडीतिकडी आहे. डॉक्टर त्याला शनिवारी सोडतायत. वाचताना कुणी शेजारी हवं का, या रकान्यात त्याने राजनचं नाव घातलंय. ते बरं झालं. असं काही वाचताना त्याच्याजवळ जे माणूस हवं, ते तेच आहे, आणि आता त्याच्याकडे सर्टिफिकेटही असेल.

फाईल दुसऱ्याकडे गेली, तरी असे अर्ज महिनाअखेरपर्यंत माझ्याच टेबलावर येतात. माझी सही लागणारा हा शेवटचा अर्ज. मी मंजूर केला.

सोमवारी सकाळी दहा वाजता, दुसरा मजला, खोली नंबर चार. मूळ पत्र मराठीत आहे आणि निखिलला मराठी वाचता येत नाही, म्हणून इंग्रजी प्रत वर लावली आहे. तोपर्यंत तुमच्याकडे चार दिवस आहेत. त्याला तुमच्या तोंडून ऐकायचं की कागदावर वाचायचं, ते तुम्ही ठरवा.

ईश्वरी